हीटर काढलेल्या गाडीतली गरम हवा

गाडीत हीटर नव्हता. कधीच काढून टाकला होता. तरीही हीटरच्या तोंडातून गरम हवा येत होती, आणि त्या हवेला जळकट वास होता.

गाडी माझ्या मामांची. १९६८ सालची फोक्सवॅगन बीटल, फिकट निळी, दोन दारांची. रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या मधल्या गल्ल्यांत मामांचं घर आहे. या भागात आणि तात्यापाऱ्यात मराठी घरं जुनी. काही नागपूरच्या भोसल्यांच्या अमलाबरोबर आलेली, काही नंतर नोकरीनिमित्त. जवळचं लाखेनगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते वामनराव लाखे हे माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ़ मित्र’चे प्रकाशक, हे मासिक १९०० साली निघालं. मामा याच वस्तीत वाढले, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि लहानपणापासून मनात असलेली ही गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली. कुणीतरी परदेशातून परतताना आणलेली, मग चार हातांतून फिरलेली.

गाडी घेतली तेव्हाच तिचा हीटर नव्हता, आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं. रायपूरला मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापते नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात, माणसं खिशात कांदा घालून बाहेर पडतात. कडाक्याची थंडी म्हणजे पहाटेचे दहा-बारा अंश. अशा गावात मोटारीतला हीटर हवाय कुणाला? उष्ण देशांत हा विचार सगळीकडे झाला. खुद्द ब्राझीलमध्ये बनलेल्या बीटल गाड्यांना हीटर नसायचाच. म्हणजे मामांच्या गाडीत आधीच्या कुणी केलं ते काही जगावेगळं नव्हतं. फक्त ब्राझीलच्या कारखान्यात गाडी मुळातच हीटर नाही असं धरून बांधली जायची. इथे तो नंतर काढला होता. सगळं रहस्य या एका फरकात दडलेलं होतं, पण ते कळायला बराच काळ जायचा होता.

तक्रार पहिल्यांदा मामींची. गाडीतून राजीमला गेलं की मामींचं डोकं दुखायचं. अभनपूर मागे पडेपर्यंत ठीक असायचं, मग कपाळावर घट्ट पट्टा बांधल्यासारखं व्हायचं, मळमळायचं. राजीवलोचनाच्या देवळात थोडा वेळ बसलं की बरं वाटायचं, परतताना पुन्हा तेच, आणि ते रात्री झोपेपर्यंत राहायचं. घरात सगळ्यांचं एकच निदान: ऊन लागलं. पन्हं घ्या, कांदा जवळ ठेवा. मामी मागच्या सीटवर नातवाला घेऊन बसायच्या. नातू चार वर्षांचा. तो गाडी धमतरी रस्त्याला लागली की झोपायचा आणि घर आलं तरी उठायचा नाही. त्याचं सगळ्यांना कौतुकच होतं. गाडीत किती शहाण्यासारखा झोपतो!

हे वाक्य आज आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

मामा पुढे बसायचे, त्यांना काही व्हायचं नाही. त्यांना खुपत होती ती वेगळी गोष्ट. पायाशी येणारी गरम हवा. मागच्या सीटखाली, पाय ठेवायच्या जागेजवळ, दोन्ही बाजूंना हीटरची जुनी तोंडं होती. त्यातून झुळूक यायची आणि ती बाहेरच्या लूपेक्षाही गरम असायची. मामांनी एके दिवशी गाडी बस्तीतल्याच एका मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री वयाने मामांएवढेच. ॲम्बॅसेडर आणि फियाटवर आयुष्य गेलेलं, बीटल मात्र क्वचितच पाहिलेली. त्यांनी तोंडाला हात लावला, गाडीच्या मागे जाऊन इंजिन पाहिलं, परत पुढे आले. “हीटर तो हे नइ. त हवा कहाँ ले आवत हे, गुरुजी?” हीटर तर नाहीच, मग हवा येते कुठून?

सगळा प्रश्न या एका वाक्यात होता.

तो सुटायचा तर बीटलचा हीटर कसा चालायचा हे आधी पाहायला हवं. बहुतेक गाड्यांत इंजिनाभोवती खेळणारं गरम पाणी डॅशबोर्डखालच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात आणि त्यावरून पंख्याने हवा सोडतात. बीटलला पाणीच नाही. तिचं इंजिन मागे, आणि ते हवेने थंड होतं. एक मोठा पंखा मागच्या काचेखालच्या फटींतून हवा ओढतो आणि पत्र्याच्या आवरणातून चारही सिलिंडरांवर लोटतो. १९६३च्या मॉडेलपासून कंपनीने या पंख्याच्या आवरणालाच दोन वाटा काढल्या. त्यातून थोडी ताजी हवा दोन नळ्यांनी खाली जायची. तिथे पुढच्या दोन सिलिंडरांच्या एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती ॲल्युमिनियमच्या पंखांची खोकी बसवलेली असत. हवा त्या खोक्यांत तापायची आणि दारांखालच्या पोकळ पत्र्यांतून, उंबऱ्याच्या आतून म्हणा, पुढे यायची. काही पायाशी, काही पुढच्या काचेवर. हँडब्रेकच्या दोन्ही बाजूंना दोन दांडे. एकाने खोक्यांतली हवा आत सोडायची की बाहेर, ते ठरायचं. दुसऱ्याने मागच्या पायाशी असलेली तोंडं उघडायची किंवा मिटायची.

मामांच्या गाडीत ती तापवणारी खोकी गंजून गेली असणार. त्यांच्या जागी साध्या वाकवलेल्या नळ्या टाकल्या होत्या. उंबऱ्यातले पोकळ मार्ग मात्र जागच्या जागी होते. ते कोण काढणार? तो गाडीच्या अंगाचाच भाग.

मिस्त्रींनी आधी इंजिनावर संशय घेतला आणि त्यात तथ्य होतं. हीटर काढल्यावर पंख्याच्या आवरणातल्या त्या दोन वाटा बंद करायला हव्या होत्या. एकीत कुणीतरी चिंधी कोंबली होती, दुसरी उघडीच होती. म्हणजे सिलिंडरांसाठीची हवा वाटेतच सांडत होती. या इंजिनात तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरला तसंही उष्णतेचं दुखणं असतं, कारण त्याच्या वाटेवरच ऑइल कूलर उभा असतो. १९७१च्या मॉडेलपासून कंपनीने तो कूलर बाजूला नेला. इंजिनाभोवतीचं रबरही कडक होऊन तुटलं होतं. त्यामुळे खालची तापलेली हवा वर येऊन पंखा तीच परत ओढत होता. मिस्त्रींनी पत्र्याची दोन झाकणं कापून बसवली, नवं रबर बसवलं. इंजिन लक्षात येण्याइतकं थंड चालायला लागलं.

पायाशी येणारी हवा मात्र तशीच. वासही तसाच.

इथून पुढचं काम मामांनी शिक्षकासारखं केलं. आधी काय माहीत आहे ते वहीत लिहिलं. बस्तीच्या गल्ल्यांत, बूढ़ा तालाबच्या बाजूने, सदर बाजारच्या गर्दीत ही हवा येत नाही. मोकळ्या रस्त्यावर येते. वेग वाढला की वाढते. आणि तिसरी नोंद, जिच्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या: काचा खाली केल्या की ती जास्त येते.

ही तिसरी नोंद बुद्धीला पटण्याजोगी नव्हती. गाडीत कोंदट झालं की माणूस काच उघडतो, बाहेरची हवा येते, आतली घाण जाते. इथे काच उघडली की घाण वाढत होती.

मामांनी उदबत्ती मागवली. पेट्रोलचा वास कुठे नाही ना हे पाहून, नातवाला मामींपाशी घरी ठेवून, आम्ही गाडी बाहेर काढली. मी मागे बसलो. गाडी उभी, इंजिन चालू. उदबत्ती मागच्या तोंडासमोर धरली. धूर सरळ वर गेला. मामांनी जागेवरच इंजिन जोरात रेस केलं. धूर तरीही सरळ वर. म्हणजे इंजिनाचा पंखा हवा आत ढकलत नव्हता. त्याच्या वाटा तर आपण बंदच केल्या होत्या.

मग धमतरी रस्ता. सगळ्या काचा बंद करून वेग साठपर्यंत नेला. धूर जरासा हलला, इतकंच. मामांनी आपल्या बाजूची काच अर्धी खाली केली. त्याच क्षणी धुराची रेघ मोडली. तोंडापासून निघून ती माझ्या गुडघ्यांवरून पुढच्या सीटच्या मधून थेट मामांच्या उघड्या काचेकडे धावायला लागली. काच वर केली, धूर शांत. पुन्हा खाली, पुन्हा धाव.

मामांनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून म्हणाले, “अरे, ती कुणी आत ढकलत नाहीये. आपणच ओढतोय.”

हाच तो शोध. मोठ्या लोकांनी तो फार पूर्वी लावलेला आहे, पण पुरानी बस्तीत तो त्या दुपारी लागला आणि एका मुलाचा जीव वाचण्यासाठी तो तिथेच लागणं गरजेचं होतं.

ओढतो म्हणजे काय? धावती गाडी हवेला भिडते तेव्हा हवेचा दाब सगळीकडे सारखा राहत नाही. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, जिथे बोनेट संपून काच उभी राहते, तिथे हवा अडते आणि दाब वाढतो. काचेच्या कडांवरून वळून ती बाजूच्या खिडक्यांवरून वेगाने घसरते तेव्हा तिथला दाब बाहेरच्या शांत हवेपेक्षा कमी होतो. गाडीच्या पाठीमागेही कमी. ताशी ६० किलोमीटर वेगाला अडणाऱ्या हवेचा जोर चौरस मीटरला साधारण १६७ न्यूटन भरतो, म्हणजे पाण्याच्या १७ मिलिमीटर उंचीएवढा. ऐकायला क्षुल्लक. पण त्याच्या पाचव्या हिश्शाइतका जरी फरक आतल्या आणि बाहेरच्या दाबांत पडला, तरी अडथळा नसलेल्या भोकातून हवा सेकंदाला सात मीटरच्या आसपास वेगाने घुसते. आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३०ला तो एकचतुर्थांशच असतो. बस्तीतल्या गल्लीत काही जाणवत नव्हतं आणि धमतरी रस्त्यावर जाणवत होतं ते यामुळे.

खिडकी उघडली की खिडकीबाहेरची कमी दाबाची हवा आतली हवा शोषून घेते. आतली हवा गेली तर तिची जागा भरायला कुठून तरी दुसरी यायलाच हवी. ती सगळ्यांत सोप्या भोकातून येते. मामांच्या गाडीत ते भोक कुठे होतं, हे आता पाहायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी उचलून खाली टॉर्च मारला. इंजिनाच्या अगदी पुढे, मागच्या सीटच्या खालच्या बाजूला, उंबऱ्यातल्या पोकळीची दोन तोंडं उघडी. त्यांना ना नळी, ना झाकण. हीटरच्या दांड्याने ज्या झडपा उघडायच्या-मिटायच्या, त्या या तोंडांवर नव्हत्याच. त्या खोक्यांच्या पुढच्या टोकाला होत्या. खोकी काढली तेव्हा झडपाही गेल्या. हँडब्रेकजवळून आलेल्या केबल खाली नुसत्या लोंबत होत्या. मामा इतकी वर्षं ज्याने हीटर ‘बंद’ करायचे तो दांडा कशालाच जोडलेला नव्हता.

“हीटर के संगे ढक्कन घलो निकल गे हे,” मिस्त्री म्हणाले. हीटरबरोबर झाकणही गेलंय.

मग त्यांनी टॉर्च थोडा सरकवला आणि गप्प झाले. उजव्या बाजूच्या पुढच्या सिलिंडरला जिथे नवी एक्झॉस्टची नळी बोल्टने आवळलेली होती, तिथे गॅस्केटच्या कडेने काजळीचा पंख्यासारखा पसरलेला काळा डाग होता. बोटाला लागत होता. गॅस्केट फुटलं होतं. इंजिनातला धूर सायलेन्सरपर्यंत पोचण्याआधीच तिथून निसटत होता. आणि त्या डागापासून उंबऱ्याचं उघडं तोंड वीतभर अंतरावर होतं. तिथून मागच्या सीटच्या पायाशी, जिथे मामी नातवाला मांडीवर घेऊन बसायच्या.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. मामांना जो जळकट वास यायचा तो तेलाचा आणि अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा. खरा शत्रू त्या वासामागून गुपचूप येत होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी. साध्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात. मामींचं डोकं रात्रीपर्यंत का दुखायचं, याचं उत्तर इथे होतं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९५च्या सुमारास हा वायू स्वतः श्वासावाटे घेऊन त्याच्या परिणामांची नोंद केली. खाणीत माणसाआधी लहान प्राणी कोसळतात, कारण त्यांचा श्वासोच्छ्वास आणि रक्ताभिसरण अंगाच्या मानाने वेगवान असतं, हे त्यांनी दाखवलं आणि खाण कामगारांनी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी न्यावा असं सुचवलं. लहान मुलाची गत मोठ्या माणसापेक्षा त्या पक्ष्याच्या जवळची. नातू शहाण्यासारखा झोपत नव्हता. त्याला गुंगी येत होती.

मामा बराच वेळ गॅरेजच्या पायरीवर बसून होते. त्या दिवशी गाडी तिथेच राहिली. नातवाला आणि मामींना डॉक्टरांना दाखवून आणलं. दोघेही सुखरूप आहेत, हे वाचकांना आत्ताच सांगून टाकतो.

दुरुस्ती तशी छोटी. दोन्ही बाजूंची गॅस्केट नवी, बोल्ट नवे. उंबऱ्याच्या तोंडांवर पत्र्याच्या टोप्या, त्यांच्या कडेने उष्णता सोसणारं सीलंट, वरून क्लँप. चिंधी नाही, प्लॅस्टिक नाही, फोम नाही. ती जागा तापते आणि चिंधी पेट घेऊ शकते. लोंबत्या केबल काढल्या, त्यांची भोकं बुजवली. मागच्या पायाशी असलेली गंजून उघडीच अडकलेली झाकणं मोकळी करून मिटवली. गाडी सुरू केल्यावर पहिला फरक कानांना कळला. पायाशी येणारा इंजिनाचा घरघराट एकदम कमी झाला. तो आवाज इतके दिवस त्याच नळीतून येत होता आणि आम्ही त्याला गाडीचं वय समजत होतो.

पुन्हा धमतरी रस्ता, पुन्हा उदबत्ती. काच उघडली तरी धूर तोंडापाशी सरळ उभा. मामांनी घरात लावायचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवून तो मागच्या सीटच्या पायाशी ठेवला. तो एकदाही वाजला नाही.

पण आता नवी अडचण. विषाची वाट बंद झाली तशी हवेचीही झाली. काचा मिटून चाललं की गाडी भट्टी. काचा पूर्ण उघडल्या की लू तोंडावर आणि मामींच्या डोळ्यांत धूळ. १९६८पासून बीटलला पुढच्या काचेच्या पायथ्याशी ताज्या हवेच्या फटी दिल्या गेल्या, डॅशबोर्डवर त्यांच्या कळा आहेत. मामांच्या गाडीत त्या फटींच्या खालचा डबा कडुलिंबाच्या वाळक्या पानांनी गच्च भरला होता, पाणी निघून जायची नळी चिरली होती. मिस्त्रींनी तो साफ केला, नळी बदलली. जागा तर बरोबर होती, दाब तिथे जास्तच असतो. तरी काचा बंद असताना आत येणारी झुळूक नावापुरती.

उत्तर मामींनी दिलं. ओट्यावर भाजी निवडत त्या आमचं बोलणं ऐकत होत्या. म्हणाल्या, “पुढचं दार सताड उघडून काय होणार? परसदार लावलेलं असलं की घरात वारा येतो का?”

बीटलचं परसदार लावलेलं होतं. ही गाडी बांधणीला इतकी घट्ट, की काचा बंद असताना दार ओढलं तर आतली हवाच ते बंद होऊ देत नाही. पुढून हवा यायला दाब आहे, पण आतल्या हवेला बाहेर जायला वाट नाही. आत दाब वाढतो, आणि बाहेरची हवा दारातच थबकते. काही बीटलना मागच्या बाजूच्या काचा पुढच्या कडेला बिजागरी असलेल्या मिळायच्या, मागची कड बाहेर ढकलून उघडणाऱ्या. मामांच्या गाडीत त्या होत्या. धूळ येते म्हणून आधीच्या कुणीतरी त्या सिलिकॉनने कायमच्या चिकटवल्या होत्या.

मिस्त्रींनी ब्लेडने सिलिकॉन कापलं, बिजागऱ्यांना तेल दिलं, नवं रबर बसवलं. मामांनी काचेच्या मागच्या कडेला लोकरीचे लहान धागे चिकटवले. विमानांवर हवा कशी वाहते हे पाहायची ही जुनी रीत. गाडी वेगात आली तसे धागे फटीतून बाहेर ओढले गेले आणि थरथरत तिथेच ताठ राहिले. हवा बाहेर जात होती. धूळ आत येत नव्हती, कारण त्या फटीतून काहीच आत येत नव्हतं. आणि डॅशबोर्डच्या फटींतून, मोठी काच न उघडता, पहिल्यांदाच सलग झोत आला.

पुढच्या दारांतल्या त्रिकोणी काचांचंही गणित मग उलगडलं. अशी काच थोडीशी तिरकी केली की तिच्या मागच्या कडेला दाब कमी होतो आणि ती आतली हवा बाहेर ओढते. आडवी होऊन पुढे जाईपर्यंत फिरवली की तीच काच वारा पकडून आत लोटते. एकच काच, कोन बदलला की काम उलटं. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या पिढ्यांनी ही काच वापरली, पण तिचे हे दोन धंदे वेगळे आहेत हे मला तरी त्या दिवशीच पाहायला मिळालं.

मोटार कंपन्यांनाही हे एका दिवसात उमगलं नव्हतं. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८मध्ये पुढच्या काचेच्या पायथ्यापासून बाहेरची हवा घेऊन, गाळून, तापवून आत सोडायची व्यवस्था आणली, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहील असं पाहिलं, म्हणजे फटींतून थंडी आणि धूळ आत न येता उलट हवा बाहेर झिरपेल. ब्रिटनमध्ये फोर्डने १९६४च्या शरद ऋतूत कॉर्टिना गाडीत डॅशबोर्डवर फिरवता येणारी गोल तोंडं दिली आणि मागच्या खांबांवर हवा बाहेर सोडणाऱ्या जाळ्या. फोक्सवॅगनने १९७१च्या बीटलला मागच्या बाजूच्या काचांमागे चंद्रकोरीसारख्या फटी पाडल्या. मामांची गाडी त्याच्या तीन वर्षं आधीची. तिला ती चंद्रकोर मिळाली नाही, पण उघडणाऱ्या काचा तेच काम करतात.

नॅशच्या युक्तीतला किंचित जास्त दाबाचा मुद्दा माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाचा आहे. हवा नुसती खेळती असून भागत नाही. ती कुठून येते हे आपल्या हातात हवं. आत यायची वाट मोठी आणि बाहेर जायची लहान ठेवली, तर गाडीत दाब जरा चढा राहतो आणि कुठे एखादं भोक नजरेतून सुटलं असलं तरी त्यातून हवा बाहेरच जाते. उलट केलं, म्हणजे पुढचं सगळं बंद आणि मागची काच सताड उघडी, तर गाडी आपल्याच धुरात तोंड घालते. मामा आता डॅशबोर्डच्या फटी पूर्ण उघडतात, मागच्या काचा बोटभर.

हीटर गेल्याची खरी किंमत जुलैत कळते. बीटलमध्ये पुढच्या काचेवरचं धुकं हटवणारी हवाही त्या उंबऱ्यातूनच यायची. आता ती वाट कायमची बंद. पावसाने काच गार होते, आत बसलेल्या माणसांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ तिच्यावर जमते. फडक्याने पुसणं म्हणजे रस्त्यावरची नजर काढून घेणं. इथेही वाट तीच: फटी उघड्या, मागच्या काचा उघड्या, म्हणजे आतली वाफाळलेली हवा साठतच नाही आणि काचेच्या आतल्या बाजूवर धुकं बसायला कारण उरत नाही. सिग्नलला गाडी थांबली की मात्र वाऱ्याचा दाब शून्य. त्यासाठी मिस्त्रींनी त्या साफ केलेल्या डब्याखाली बारा व्होल्टचा एक छोटा पंखा बसवला, तोंड काचेकडे. टिल्लू चौकातल्या गर्दीत भर पावसात मी तो चालताना पाहिला आहे. काच खालून वर अशी हळूहळू मोकळी होत जाते, दोन मिनिटांत पलीकडचा सगळा चौक स्वच्छ दिसतो.

नातू आता राजीमच्या वाटेवर झोपत नाही. सगळा रस्ता बडबडतो, मामी त्याला गप्प बस म्हणून दटावतात आणि मामा आरशात बघून हसतात.

हीटर काढलेली जुनी गाडी तुमच्याकडे असेल, मग ती बीटल असो, फियाट असो की ॲम्बॅसेडर, तर हीटरच्या नळ्या जिथून आत शिरत होत्या ती भोकं आज शोधा. इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्यात एकही उघडं भोक ठेवू नका, ती पत्र्याने बुजवा. एक्झॉस्टच्या जोडांवर काजळीचा डाग दिसतो का पाहा. आणि गाडीत बसल्यावर कुणाचं डोकं दुखत असेल, एखादं मूल दरवेळी झोपत असेल, तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका. गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा, डॉक्टरांना दाखवा, आणि ते भोक सापडेपर्यंत त्या गाडीत कुणाला बसू देऊ नका.